कलम नववे : नंदाबाईंची विहीर

दारव्हा, जिल्हा यवतमाळ. मंगळवार, १३ मे २०२५.

लिहून ठेवणार : उकंडा भिवाजी मुनेश्वर, वय ७१ वर्षे, एस.टी.च्या आगारातून निवृत्त झालेला फिटर, राहणार विहाराच्या मागची गल्ली, दारव्हा.

हा कागद मी माझ्या अंगणात बसून, माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून काही पाजलेले नाही. दारू मी पीत नाही, फुकटचीसुद्धा. डोके ठिकाणावर आहे. खात्री करायची असेल तर २०१२ सालच्या नळपट्टीची पावती कुठे आहे ते मला विचारावे.

शुक्रवारी, सोळा तारखेला, नागपूरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. घाबरण्यासारखे काही नाही, असे डॉक्टर म्हणाले आणि लगेच माझ्या तीन ठिकाणी सह्या घेतल्या. तेव्हा मीही एक कागद करून ठेवतो. पण खरी घाई ऑपरेशनची नाही. परवा गुरुवारी सकाळी शेजारच्या नंदाबाई ठमके यांच्याकडे मजूर येणार आहेत आणि त्यांच्या संडासाचा पाइप त्यांच्याच कोरड्या विहिरीत सोडणार आहेत. एकदा ती घाण खाली गेली की या गल्लीच्या जमिनीतले पाणी माझ्या नातवंडांच्याही कामाचे राहणार नाही. ते थांबवायचे कसे, हे कलम नऊमध्ये लिहिले आहे. आधीची कलमे क्रमाने वाचावीत. उड्या मारत वाचणाऱ्याला अर्धेच कळते.

कलम १. माझ्याविषयी. माझ्याआधीची दोन भावंडे तान्हेपणीच गेली. म्हणून मी जन्मलो तेव्हा, त्या काळच्या रीतीप्रमाणे, आजीने मला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवले आणि टाकलेले पोर सापडले असे म्हणत परत उचलून आणले. नाव पडले उकंडा. पुढे आईवडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा कोणी सुचवले, पोराचे नाव बदला. आई म्हणाली, "ज्या नावानं जगला, तेच राहू द्या." उकिरड्यावरून उचललेल्या माणसाला काही फेकवत नाही. माझी सायकल १९७८ सालची आहे. कर्ज काढून मी कधी चहासुद्धा प्यालो नाही. सवलतीत मिळते म्हणून कधी काही घेतले नाही, कारण सवलतीत लोक एकाऐवजी दोन घेतात. आगारात चौतीस वर्षे मी जुन्या नटबोल्टांवर नव्या गाड्या चालवल्या, असे सेवादास म्हणतो. सेवादास राठोड माझ्या आगारातला ड्रायव्हर, माझा एकुलता एक दोस्त.

कलम २. घर. राहते घर व मोकळी जागा मुलगा संघर्ष आणि मुलगी पायल यांना निम्मी निम्मी. पाने पडतात म्हणून अंगणातला कडुनिंब तोडू नये. पाने पडतात म्हणूनच तो झाड आहे. न्हाणीचे पाणी लिंबाच्या आळ्यात जाते, ती नाली बुजवू नये. संघर्षने गेल्या उन्हाळ्यात एसी पाठवतो म्हटले होते. मी म्हटले, तुझ्या एसीचे बिल आणि एसीने बाहेर टाकलेली गरम हवा, दोन्ही मला परवडत नाही. तो दोन महिने बोलला नाही. पुण्याहून फोन फुकट असतो तरी बोलला नाही.

कलम ३. संघर्षने पाठवलेले पाणी शुद्ध करायचे यंत्र खोक्यातून काढलेले नाही. ते त्याचे त्याला परत. लावायला आलेल्या पोराला मी विचारले, एक बादली शुद्ध करायला हे किती पाणी बाहेर टाकते? तो म्हणाला, तीनेक बादल्या. मी त्याला चहा पाजून परत पाठवला. पाण्याच्या बाबतीत उकंडा मुनेश्वर कसा काटेकोर आहे, हे सांगायला तो पोरगा गावभर पुरला असेल. पुढचे वाचल्यावर त्याचेही मत बदलेल.

कलम ४. स्टीलची दीडशे ताटे, दीडशे वाट्या, एकशे अठ्ठेचाळीस चमचे विहाराला. दोन चमचे कोणाच्या लग्नात गेले ते मला ठाऊक आहे, नाव लिहीत नाही. ही भांडी मी थर्माकोलच्या पत्रावळी बंद व्हाव्यात म्हणून घेतली आणि लोकांना बिनभाड्याने दिली. अट एकच, घासून परत करा. पंगतीत अर्धा ग्लास पाणी टाकून उठणाऱ्याला मी तिथेच टोकत असे. पोरे मला मागून 'मीटर' म्हणतात. काल बुद्ध पौर्णिमेला विहारात मी पाणी या विषयावर वीस मिनिटे बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंदाबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी वाजवल्या नाहीत.

कलम ५. माझी सर्व हत्यारे, चेनकप्पी आणि बोअरची मोटर वर ओढायच्या लोखंडी घोडीसह, पायलला. मुलीला हत्यारे कशाला, असे संघर्षने विचारले तर त्याने शेवटचा स्क्रू कधी आवळला ते त्यालाच विचारावे. ही हत्यारे मला सेवादासला द्यायची होती. पण ज्याला काही मिळते त्याची सही साक्षीदार म्हणून घेऊ नका, असे वकिलांनी बजावले. सेवादास म्हणाला, "मंग मी साक्षीदारच बरा. पाने-पक्कड काय, उसने भेटतात."

कलम ६. मी गेल्यावर देह यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. लाकूड वाचते आणि पैसाही वाचतो. जलदान विधी घरातल्या घरात करावा. मंडप घालू नये, थंड पाण्याचे जार आणू नयेत, माझा मोठा फोटो काढून आणू नये. ओळखपत्रावरचा चालेल.

कलम ७. मारोतराव. माझे साळे मारोतराव पायाळू आहेत, म्हणजे पायाकडून जन्मलेले. अशा माणसाला जमिनीतले पाणी कळते, असे आमच्याकडे मानतात. २००९ साली मला बोअर पाडायचा होता. पाण्याची जागा दाखवणारा शिकलेला माणूस पैसे मागत होता. मारोतराव जावयाकडून काही घेणार नव्हते. मी त्यांना बोलावले. तळहातावर नारळ आडवा धरून ते अंगणभर फिरले आणि त्यांनी दोन जागा दाखवल्या. एक अंगणाच्या मधोमध. दुसरी नंदाबाईंच्या भिंतीला लागून.

बोअर पुढे काय करून बसला हे ज्याला ज्याला कळले, त्याला त्याला मी सांगितले की जागा मारोतरावांनी दाखवली. चौदा वर्षे मी हेच सांगितले. गल्लीत त्यांना कोणी नारळ धरू देत नाही, ते माझ्यामुळे. त्या दिवशी ते प्रत्यक्षात काय म्हणाले, ते आज लिहितो : "भाऊजी, मधली घ्या. ही दुसरी बाईच्या हिरीच्या पोटात जाते." मधली जागा घ्यायची तर नवी घातलेली शहाबादी फरशी सहा फूट फोडावी लागली असती. मी फरशी वाचवली. आत्ता मी त्याच फरशीवर खुर्ची टाकून बसलो आहे. मारोतरावांना मी काही ठेवत नाही. हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे आणि ऐकायला गल्ली बोलवावी.

कलम ८. माझी पत्नी कौसल्या. ती २०१९ साली गेली. तिची शिलाई मशीन पायलला.

बोअर लागला त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात नंदाबाईंची विहीर आटली. त्यांच्या सासऱ्याने हाताने खणलेली विहीर, कधी न आटलेली. नंदाबाई भिंतीशी येऊन म्हणाल्या, असे कसे झाले? मी म्हटले, पाऊस कमी आणि तुम्ही गाळ उपसला नाही. त्यांनी मजूर लावून गाळ उपसला. पाणी आले नाही.

मग कौसल्या भिंतीवरून त्यांना बादल्या देऊ लागली. माझ्या लक्षात आले ते विजेच्या बिलावरून. मी मोटरच्या बटणाच्या पेटीला कुलूप लावले आणि किल्ली करगोट्यात अडकवली. तिला म्हटले, पाणी जपून वापरायला शिकवतो आहे, आपल्यालाही आणि त्यांनाही. कौसल्या भांडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने घागर उचलली आणि नंदाबाईंसोबत चौकातल्या हापशीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. घरात पाणी असताना ती बाई हापशीवर उभी राहायची. पायल तेव्हा कॉलेजात होती, तीही जायची. तो पूर्ण उन्हाळा आणि त्याच्या पुढचाही. लोकांनी मला विचारले तेव्हा मी सांगितले, तिला चालण्याचा व्यायाम हवा आहे. किल्ली अजून माझ्या कमरेला आहे. मला लाज वाटते, हे लिहायला मला चौदा वर्षे लागली.

कलम ९. नंदाबाईंची विहीर. पौर्णिमेला विहारातून टाळ्या घेऊन घरी आलो तर नंदाबाईंचा मुलगा इंद्रजीत चुन्याने रेघ ओढत होता. संडासापासून थेट विहिरीच्या काठापर्यंत. तो आर्णी रोडला जीप चालवतो, अंगाने दांडगा, पण मला काका म्हणतो. मी भिंतीवरून विचारले, हे काय? तो म्हणाला, "काका, टाका बांधाले लय खर्च येते. हीर तं आयतीच हाये. तुमीच तं सांगता ना, घरात हाये ते कामात आना, नवं कायले घ्याचं?"

वाक्य माझे होते. विहारात दर वर्षी म्हणतो. मी ओरडलो. म्हटले, अरे, ही घाण जमिनीत जाईल, गल्ली रोगाने मरेल, मी नगरपालिकेत तक्रार करतो. छाती भरून आली तरी मी थांबलो नाही. तेव्हा नंदाबाई घरातून बाहेर आल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "उकंडाभाऊ, तुमच्या बोरनं माह्या हिरीतलं पानी नेलं. आता माह्या हिरीत जे पडन, तेबी तुमीच न्या."

इंद्रजीतने रेघ पुरी केली. मी घरात आलो आणि गोळी जिभेखाली ठेवली.

रात्रभर मी त्यांना उत्तर शोधले. नंदाबाई चुकतात हे खरे आहे. त्यांच्या घाणीने त्यांचीच नात आजारी पडेल. पण त्यांना ते सांगायचा हक्क ज्याला आहे, तो मी नाही. मी आयुष्यभर एक लबाडी केली. निसर्ग जपल्याने पैसा वाचत असेल, तेव्हा मी त्याला निसर्गप्रेम म्हटले. निसर्ग जपायला पैसा लागणार असेल, तेव्हा त्याला उधळपट्टी म्हटले. सायकल, माठ, ताटे, न्हाणीचे पाणी, यात मला एक रुपयाही लागला नाही, म्हणून मी त्यात पुढे होतो. सहा फूट फरशी लागली, तिथे मी मागे सरलो. काटकसर वाईट नाही, माझ्या मुलांनी ती सोडू नये. पण आपली काटकसर कोण भरते आहे, हे भिंतीवरून वाकून एकदा पाहावे.

सबब, माझ्या मृत्यूनंतर खालीलप्रमाणे करावे. (अ) माझा बोअर कायमचा बंद करावा. (आ) बँकेतील मुदत ठेवीतून नंदाबाईंच्या पुढच्या अंगणात संडासाची पक्की टाकी बांधून द्यावी, म्हणजे विहिरीत पाइप सोडायची गरज उरणार नाही. (इ) त्यांची विहीर उपसून, दोन्ही घरांच्या छतावरचे पावसाचे पाणी रेती-गोट्याच्या खड्ड्यातून तिच्यात सोडावे. पायल उमरखेडला विज्ञान शिकवते, तिला हे समजते. (ई) पाणी आले तर त्यावर पहिला हक्क नंदाबाईंचा. उरलेल्या ठेवीचे दोन भाग करून मुलांनी घ्यावेत. जो हे कलम मोडेल त्याला घरातली एक वीटही मिळणार नाही.

उद्या सकाळी हे कलम नंदाबाईंना वाचून दाखवतो. त्यानंतर मजूर परत जातील अशी मला आशा आहे.

उ. भि. मुनेश्वर

दुरुस्ती. बुधवार, १४ मे २०२५, दिवेलागण.

आज सकाळी सातला कलम नऊ भिंतीवरून वाचले. नंदाबाई नळाचे पाणी भरत होत्या. आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो, त्यामुळे त्यांनी हात थांबवला नाही. ऐकत होत्या. माझे वाचून झाले. मला वाटले होते, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. खरे सांगतो, तशी तयारी करूनच मी गेलो होतो.

त्या म्हणाल्या, "मंजे तुमी मराची वाट पाहू काय मी?"

मी म्हटले, शुक्रवारी ऑपरेशन आहे, काही सांगता येत नाही.

"अन् वाचले तं? वाचले तं अजून दहा वर्सं माही हीर कोरडी? मेल्यावर सारेच देते, उकंडाभाऊ. मेल्यावर काय लागते तुमाले? कौसल्यानं जित्तेपनी देल्लं." एवढे बोलून त्यांनी हंडा उचलला. दारातून वळून म्हणाल्या, "मजूर उद्या येतेच."

मी खुर्चीवर येऊन बसलो. मला राग आला होता. एवढे लिहून दिले, आणखी काय करायचे? मग कागद पुन्हा वाचला आणि राग कुठे जायचा तिथे गेला. मरताना दिलेल्या वस्तूची आपल्याला काहीच किंमत पडत नाही. बोअरचे पाणी शेवटच्या दिवसापर्यंत मी पिणार होतो आणि नाव मात्र आजपासून कमावणार होतो. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी काटकसर होती आणि मी तिला कलम नऊ असे नाव दिले होते.

दहा वाजता बँकेत गेलो. मुदत ठेव मुदतीआधी मोडली. व्याज बुडाले, जन्मात पहिल्यांदा. खिडकीतल्या मुलीने दोनदा विचारले, आजोबा, नक्की का? टाकीच्या विटा आणि सिमेंटची रक्कम सरळ दुकानात भरली आणि पावती नंदाबाईंच्या नावाने केली. मग सेवादासला फोन लावून म्हटले, घोडी उभी करायची आहे, ये.

मला वजन उचलायला बंदी आहे. मी खुर्चीवर बसून सांगत होतो आणि सेवादास चेनकप्पी ओढत होता. साठ-सत्तर फूट पाइप वर आल्यावर त्याचा दम संपला. एकशे ऐंशी फूट खोल मोटर, म्हणजे निम्मेही झाले नव्हते. सेवादास माझ्याकडे पाहत होता, मी आकाशाकडे. भिंतीपलीकडे इंद्रजीत जीप धूत होता. थोडा वेळ त्याने पाहिले, मग बादली ठेवली आणि भिंतीवरून उडी मारून आला. सेवादासच्या हातातून साखळी घेतली. मोटर वर आली तेव्हा अडीच वाजले होते. ती चालू स्थितीत आहे. विकून येईल ते मीच टाकीच्या गवंड्याला देतो. इंद्रजीतनेच वेल्डिंगवाल्याला बोलावून बोअरच्या तोंडावर लोखंडी पत्रा जोडून घेतला.

निघताना तो म्हणाला, "काका, मजुराईले आता विटा उतरवाले लावतो. पन हिरीत पानी आलंच नाई तं?"

मी म्हटले, येईल की नाही ते मला माहीत नाही. एक पावसाळा लागेल, चार लागतील, कदाचित येणारही नाही. तोवर तुमच्यासारखाच मीही पाचव्या दिवसाच्या नळावर आणि हापशीवर. त्याने मान हलवली. संडासाचा पाइप अजून भिंतीला टेकवून उभा आहे, पण चुन्याची रेघ त्याने पायाने पुसली.

कुलूप मी पेटीवरून काढले. करगोट्यातली किल्ली सुटेना, सेवादासने दोरा कापला. कुलूप किल्लीसकट त्याला दिले, त्याच्या तांड्यावरच्या घराला लागेल. हे मृत्युपत्राने दिलेले नाही, हाताने दिलेले आहे, त्यामुळे त्याच्या साक्षीला बाध येत नाही.

सबब, कलम नऊ मी आज माझ्या हाताने रद्द केले आहे. त्यावर एकच रेघ मारली आहे, खालचे अक्षर वाचता येते आणि ते वाचता यावे अशीच माझी इच्छा आहे. त्यात लिहिलेल्यापैकी बोअर बंद झाला, टाकीचे सामान भरले. छताचे पाणी विहिरीत सोडायचे काम पायल पुढच्या आठवड्यात येऊन सुरू करते, तिला फोन झाला. ती म्हणाली, "बाबा, आई असती तर आज तुम्हाला सोडून हापशीवर गेली नसती." यापुढे बोअर पुन्हा उघडला तर कलम दोनमधले घर त्या मुलाला किंवा मुलीला मिळणार नाही, एवढे मात्र कायम. बाकी सर्व कलमे जशीच्या तशी.

या मृत्युपत्राने नंदाबाईंना आता काहीही मिळत नाही. म्हणून त्यांना साक्षीदार होता येते. संध्याकाळी मी कागद घेऊन दारातून गेलो, भिंतीवरून नाही. त्यांनी चष्मा लावून तो पहिल्यापासून वाचला. कलम आठला फार वेळ थांबल्या. मग पेन मागितला. सही करून झाल्यावर म्हणाल्या, "सुक्रवारी जा, अन् वापस या. हिरीत पानी लागलं का नाई, वाकून पाहाले कोनी सोबत पाह्यजे."

वरील मजकूर मी वाचला, सेवादास राठोड यांनी वाचला, नंदाबाई ठमके यांनी वाचला. खाडाखोड माझी आहे. तिघांनी एकमेकांसमोर, एकाच खाटेवर बसून सह्या केल्या.

लिहून ठेवणार : उकंडा भिवाजी मुनेश्वर (सही)

साक्षीदार १ : सेवादास हरसिंग राठोड, निवृत्त ड्रायव्हर, राहणार तांडा, तालुका दारव्हा (सही)

साक्षीदार २ : नंदाबाई देवराव ठमके, शेजारीण, राहणार विहाराच्या मागची गल्ली, दारव्हा (सही. अंगठा नव्हे, हे लिहा असे त्यांनी सांगितले.)

ठिकाण : नंदाबाईंचे अंगण, विहिरीजवळ.
दिनांक : १४ मे २०२५.